शिंप्याचं रडू

आमच्या मोर्चांचे सगळे कापडी फलक या शिंप्याने शिवले, तेही फुकट. मी भाषणात तोंडाचा पट्टा सोडला की तो मागून म्हणायचा, "ताई, जरा हळू. टाके उसवतील." असं बोलतानाही चेहरा इस्त्री मारल्यासारखा.

पूर्वी तो असा नव्हता म्हणे. तेव्हा त्याला फिट यायच्या. एकदा मशीनवरच आली, सुई बोटातून आरपार. विद्यापीठाच्या मेंदूविकार विभागाने ऑपरेशन करून मेंदूतला बिघडलेला भाग काढला आणि फिट गेल्या त्या गेल्याच. तिथे एकाच मजल्यावर अलीकडे खाटा, पलीकडे संशोधन. औषधांवरून मी त्यांच्याशी कचाकचा भांडले आहे, पण त्यांनी माणसं उभी केली हे नाकारायला मी काही वेडी नाही. बऱ्या झालेल्यांचे फोटो भिंतीवर आहेत. शिंपी पहिल्या रांगेत, न हसता.

विभागाची एक रीत होती. ऑपरेशनला होकार देण्याआधी घरच्यांनी बऱ्या झालेल्या पेशंटशी बोलायचं, डॉक्टरांनी बाहेर थांबायचं. बहुतेकदा शिंप्यालाच बोलावणं येई. तो व्रण दाखवायचा, "थांबल्या" म्हणायचा आणि दुकानात परत.

त्या दिवशी मीही गेले, कारण या वेळी विचारायला आलेली बाई आमच्या वस्तीतली. सोबत तिची मुलगी, फिट येऊन पडून पडून कपाळाला टेंगूळ आलेलं.

"फिट थांबल्या?" आईने विचारलं.

"थांबल्या."

"दुसरा काही त्रास?"

शिंप्याने व्रणावरून बोट फिरवलं. "वहिनी, माझी आई गेली तेव्हा सगळे रडत होते. मी खुर्च्या मांडत होतो. वाईट झालंय हे कळतं, पण लागत नाही. बधिर बोटात सुई जावी तसं. सगळ्यांना होत नसेल. मला झालं."

माझी सटकली. "इतकी वर्षं तोंड शिवून बसलात?" मी ताडकन उठून दार उघडलं आणि बाहेर थांबलेल्या डॉक्टरबाईंना आत घेतलं. "ऐका, तुमच्या फोटोतला माणूस काय म्हणतोय!"

त्यांनी ऐकलं. "हे आम्हाला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही फिटचं विचारत होतात."

मला भांडण हवं होतं, बाईंनी ते दिलंच नाही. खुर्ची ओढून आईसमोर बसल्या. "हिचाही तोच भाग काढायचाय. असं होणार नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही. आजच ठरवू नका."

मुलगीच म्हणाली, "आई, मला एकटीला रस्ता ओलांडायचाय गं."

आईने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "करा डॉक्टर. रडायचंच आहे ना? ते मी दोघींचं रडेन."

आता फिटबरोबर रडण्याचंही विचारतात तिथे. शिंप्याचा फोटो अजून भिंतीवर आहे. काढायचा का, असं त्यालाच विचारलं, तर म्हणाला, "राहू दे."

परवा मी दुकानात बसले होते. ती मुलगी रस्ता ओलांडून आली, एकटी.

"रडू येतं का गं?" शिंप्याने विचारलं.

"कालच आलं. आई ओरडली म्हणून."

त्याने मशीन थांबवलं. "आधी कुठे येतं?"

"इथे. घशात."

त्याने आपल्या घशावर दोन बोटं टेकवली. थोडा वेळ तशीच ठेवली. मग दोरा ओवला.