गेरूचा बाण आणि टोपीवाला साहेब

स्वतःच्याच विरोधात मोर्चा काढलेला माणूस तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? मग चहा ठेवा बाजूला आणि माझ्याकडे नीट बघून घ्या. घोषणा माझ्या, आवाज माझा, गुन्हेगारही मीच. आणि हे मला मोर्चा संपत आल्यावर कळलं!

सुरुवातीपासून सांगते. मी दिल्लीहून जुन्या इमारती कशा जपायच्या याचं शिक्षण घेऊन परत आले. आमचं घर जळगावला, पिंप्राळ्यात. बाबांना वाटलं, पोरगी आली, आता नोकरी बघेल. मी पहिल्याच जेवणाला जाहीर केलं, "बाबा, खान्देशातल्या दाराच्या चौकटी एकेक करून मरतायत आणि आपण वांग्याचं भरीत खातोय!" बाबांनी भरीत माझ्या ताटातून काढून स्वतःच्या ताटात घेतलं. "मग तू नको खाऊस," म्हणाले.

पण मी पेटले होते. मला तारखेचे दगड शोधायचे होते. जुन्या घरांच्या दारावर बघा, एखादा दगड बसवलेला असतो. हत्ती, पोपट, वेलबुट्टी, आणि खाली शके अमुक तमुक. आपण त्याच्याखालून आयुष्यभर ये-जा करतो आणि मान वर करत नाही. मी मान वर करून चालायला लागले. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात दोनदा गटारात पाय गेला, पण ते जाऊ द्या.

माझ्या फुईचं, म्हणजे आत्याचं गाव नरडाण्याच्या पुढे आहे. सुरतेच्या गाडीने नरडाण्याला उतरायचं आणि काळी-पिवळी जीपमध्ये स्वतःला कोंबून घ्यायचं. फुईच्या गल्लीत पाऊल टाकलं आणि माझे डोळेच फिरले. घरोघरी दगड! कुठे मोर, कुठे सूर्य-चंद्र. आणि धुडकू नानांच्या घरावर तर दोन हत्ती सोंडेत सोंड घालून उभे, मधे पोपट, आणि खाली 'शके' असं कोरून चार आकडे. त्यातले दोन आकडे ऑइलपेंटखाली गेलेले. निळ्या ऑइलपेंटखाली! मला रडूच आलं. ते दोन आकडे वाचायचे, एवढंच माझं ध्येय उरलं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

धुडकू नाना म्हणजे त्या गल्लीचे वजनदार गृहस्थ. खाली भांड्यांचं दुकान, वर घर, आणि रस्त्यावर हातभर पुढे आलेला ओटा. तसा त्या गल्लीत प्रत्येकाचाच ओटा थोडा पुढे आलेला आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्या दिवशी कॅमेरा जळगावलाच राहिला होता. म्हणून ठरवलं, आज खुणा करून ठेवू आणि रविवारी येऊन फोटो काढू. खुणा कशाने करायच्या? जुन्या भिंतीला रंग लावणं म्हणजे पाप, असं आम्हाला शिकवलेलं. मग फुईने तुळशीच्या कुंडीसाठी आणून ठेवलेला गेरू होता, तो उचलला. पाण्याने धुतला की गेला! किती विचारी मुलगी, नाही?

आता आमच्याकडचं दुपारचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळी गल्लीत कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. सगळे घराघरात आडवे. मी एकटी डोक्यावर मोठी टोपी, तोंडाला रुमाल, अंगात पँट-शर्ट आणि हातात टेप घेऊन फिरत होते. दारावर तारीख असेल तिथे लाल गोल. नुसतं कोरीवकाम असेल तिथे लाल फुली. दगड कुठे आहे ते दाखवायला वर बाण. शिवाय ओट्यापासून दगड किती उंच, ते मोजून भिंतीवर आकडा. नानांच्या भिंतीवर तर भावनेच्या भरात गोलात गोल काढला आणि बाजूला लिहिलं, 'हे आधी!' म्हणजे रविवारी फोटो काढायचा तर सगळ्यात आधी हा.

मला फक्त एका माणसाने पाहिलं. समोरच्या ओट्यावर तुळसाक्का बसल्या होत्या. वय झालेलं, डोळ्यांत मोतीबिंदू.

"कोन शे रे भाऊ?" त्यांनी विचारलं.

तोंडाला रुमाल होता. मी नुसता हात हलवला आणि पुढे गेले. आणि संध्याकाळच्या गाडीने जळगावला परत. समाधानाने शिट्टी वाजवत.

रविवारी कॅमेरा घेऊन गल्लीत शिरते तर काय! ठोकाठोक चाललेली. घमेली, थापी, सिमेंटचा गाळ. शिडीवर चढलेली माणसं. मोर गेला! सूर्य गेला, चंद्र गेला! जिथे जिथे दगड होता तिथे ओल्या सिमेंटचा गुळगुळीत गिलावा. भिंती चुन्याने पांढऱ्याफटक.

मी किंचाळले, "अहो काय करताय काय?"

शिडीवरचे काका म्हणाले, "तारीख बुजी ऱ्हायनू."

"पण का?"

"रस्ता रुंद व्हई ऱ्हायना ना! तुले मालूम नही? टोपीवाला साहेब येल व्हता. ओटा रस्तावर येल शेतस ना, म्हनीसन लाल खुणा करी गया बठ्ठी गल्लीमा. जुनं घर दिसनं का आधी तेच पाडतीन."

"कोण साहेब?"

"तुळसाक्काने देखं ना सोताना डोयाघाई! आक्काने इचारं तर उत्तरबी दिन्हं नही. म्हनजे साहेबच!"

तुम्ही म्हणाल, टोपी म्हटल्यावर हिच्या डोक्यात काही चमकलं कसं नाही? मीही हेच विचारते स्वतःला. पण त्या वेळी मी काय विचार केला, सांगू? लाल खुणा म्हटल्यावर मला ऑइलपेंटच दिसला. मी मनात म्हटलं, बघा, हे असले अडाणी साहेब भिंतीवर रंग फासतात. आपण कसा गेरू वापरतो! आणि माझ्या खुणा? त्या दिसायला जागेवर होत्या कुठे? सगळ्यावर चुना!

माझं रक्त उसळलं. मी सरळ नानांच्या ओट्यावर चढले. "बंधू-भगिनींनो," म्हटलं. (खरं तर समोर फक्त चार जण आणि एक बकरी होती.) "हे दगड म्हणजे तुमच्या पणजोबांच्या सह्या आहेत! कोणी एक टोपीवाला येतो, गुपचूप खुणा करतो आणि तुम्ही घाबरून स्वतःच्या हाताने सह्या खोडता? त्याला जाब विचारा! भर उन्हात चोरासारखा आला, म्हणजे त्याच्या मनात पापच असणार!"

"बरोबर!" नाना दुकानातून ओरडले. "पोर दिल्लीनी शे, तिले बठ्ठं मालूम! मी तं आज छन्नी लावनार व्हतू त्या हत्तीस्ले."

"नाना, हत्तीला हात लावू नका! आधी कचेरीत जाऊ. रुंदीकरण थांबलं तर हत्ती राहील ना?"

"थांबनं तर हत्ती ऱ्हाईन," नाना म्हणाले. "नही थांबनं तर आज सांजले छन्नी."

झालं! आता हत्तीचा जीव माझ्या हातात. दुसऱ्या दिवशी कचेरी उघडेपर्यंत नानांनी कशीबशी मुदत दिली, आणि सोमवारी सकाळी आमचा मोर्चा निघाला. सगळ्यात पुढे मी. "टोपीवाला कोण रे?" मी ओरडायची. "चोर रे, चोर रे!" गल्ली ओरडायची. घोषणा मीच रचली होती. यमक जुळत नव्हतं, पण जोर होता.

कचेरीतले साहेब भले गृहस्थ. ते चष्मा पुसत ऐकत राहिले. "अहो, पण रुंदीकरणाचं आमच्याकडे काहीच नाहीये. आमचा कोणी माणूस त्या गल्लीत आलेलाच नाही."

"खोटं!" मी टेबलावर हात आपटला. "मग खुणा काय भुताने केल्या? त्या माणसाला आमच्यासमोर उभं करा!"

"खुणा दाखवता का?"

खुणा कुठून दाखवणार? सगळ्यांनी चुना फासलेला. एवढ्यात नाना छाती पुढे काढून म्हणाले, "मन्हा भितडावरनी ठेवेल शे. पुरावा म्हनीसन."

सगळे निघाले. साहेब, गल्ली, बकरीसुद्धा. नानांनी भिंतीला टेकवलेला पत्रा बाजूला केला.

आणि मी पाहिलं. लाल गोल, गोलात गोल. वर बाण. आणि बाजूला माझ्याच तिरक्या अक्षरात, 'हे आधी!'

"देखा," नाना घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हे आधी! मन्हंच घर आधी! मनी बायको चार दिन जेवेल नही."

तुम्हाला सांगते, त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर मी त्यात उडी मारून वरून गिलावा करून घेतला असता. पण जमीन दुभंगली नाही. नानांची बायको दारात उभी होती, पदराने डोळे पुसत. मग काय करणार? मी घसा खाकरला.

"नाना, ही खूण मी केली."

मी 'हे आधी!'वर बोट ठेवलं.

"सगळ्या खुणा मीच केल्या. मला फोटो काढायचे होते. टोपी माझीच होती. रुंदीकरण वगैरे काही नाही."

नानांचे डोळे भरून आले. गल्लीकडे वळून म्हणाले, "देखं का? देखं का पोरनं काळीज? साहेबवर केस नको व्हवाले म्हनीसन आळ सोतावर लेस!"

"नाही हो नाना, खरंच मी..."

"गप! एक सबद बोलू नको! तू पोर, तो साहेब व्हता. तुळसाक्का खोटं बोलस का?"

"माले काय गरज खोटं बोलानी?" तुळसाक्का ओट्यावरून कडाडल्या.

मी कचेरीतल्या साहेबांकडे आशेने पाहिलं. ते एकदा माझ्या तोंडाकडे, एकदा 'हे आधी!'कडे बघत होते. मला वाटतं, त्यांना कळलं होतं. पण समोर सबंध गल्ली, आणि त्यांना जेवायला घरी जायचं होतं. ते म्हणाले, "हे बघा, कोणाचंही घर पडणार नाही. हा माझा शब्द."

"मागे घेतलं! रुंदीकरण मागे घेतलं!" एकच गलका. कोणीतरी गुलाल आणला. मला उचललं. नानांनी शेव आणि जिलबी वाटली. मी जिलबी खाल्ली. सांगायला लाज वाटते, पण गरम होती.

घरी आले तर फुई तुळशीजवळ रिकामा डबा घेऊन उभी.

"मन्हा गेरू कोठे गया?" फुईने विचारलं.

मी डोक्यातला गुलाल झटकत राहिले. फुईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. माझ्या पँटच्या खिशावरच्या गेरूच्या डागाकडे पाहिलं. मग डबा खाली ठेवला.

"कोनले सांगू नको," ती हळूच म्हणाली.

"अगं, मी सांगितलं! कोणी ऐकेना!"

"मंग आते बिलकूल सांगू नको. माले या गल्लीमा ऱ्हावानं शे."

तरी मी म्हटलं, चला, हत्ती तर वाचले! एवढ्या भानगडीतून नानांचा दगड तरी राहिला. आता तो निळा ऑइलपेंट काढायचा, ते दोन आकडे वाचायचे, आणि सगळं विसरून जायचं.

पंधरवड्याने नानांचा फोन आला. "पोर, ये. तुनं काम शे. टोपी आनजो, ऊन भलतं शे."

मी टोपी घालून, साहित्य घेऊन पोचले. मऊ कुंचले, कापूस, पाणी. गल्लीत मांडव! खुर्च्या! नानांच्या दारावर लाल रेशमी पडदा. मला धरून शिडीवर चढवलं, हातात दोरी दिली. दोरी ओढली. पडदा पडला.

संगमरवरी पाटी. चकचकीत. 'या गल्लीचे रक्षण करणाऱ्या आमच्या लाडक्या कन्येस', आणि खाली माझं नाव, सोन्याच्या रंगात. बरोबर हत्तींवर. चारही कोपऱ्यांत जाड स्क्रू. एका हत्तीची फक्त सोंड तेवढी पाटीखालून बाहेर डोकावत होती, मदत मागितल्यासारखी.

"नाना," मी सोंडेला हात लावला. "हत्ती..."

"हाई जागा भारी शे ना? दगड पक्का व्हता, स्क्रू घट्ट बसी गया. तुनं नाव त्या पोपटवर सोभी दिसस का नही?"

टाळ्या. नारळ. आणि त्या टाळ्यांत तुळसाक्का ओट्यावरून माझ्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या. एकदम उठून बोट दाखवत ओरडल्या, "अरे, हाऊच शे तो! हाऊच तो टोपीवाला साहेब!"

सगळी गल्ली पोट धरून हसली. "आक्काले आते काहीच दिसत नही," नाना डोळे पुसत म्हणाले.

मीही हसले. काय करणार? हसता हसता सवयीने पाटी खालपर्यंत वाचली. काय करू, सवयच आहे. नाव होतं, गल्ली होती, नक्षी होती. काहीतरी राहिलं होतं.

"नाना, यावर तारीख नाही?"

नानांनी मला शिडीवरून खाली ओढलं, इकडे तिकडे पाहिलं आणि कानाशी येऊन म्हणाले, "येडी शे का तू? तारीख टाकी, का तो साहेब परत यीन!"

मी डोक्यावरची टोपी हळूच काढली आणि पिशवीत कोंबली.