दहा मिनिटांची राखण

त्या शुक्रवारी तालुक्याच्या गावी, सावलीच्या बाजारात बातमी फिरली, की भागीरथाबाईनं सुनेचं मनगट मोडलं. कारण काय, तर सून दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसते, चुलीकडे फिरकत नाही. वांगी विकणारीनं ते मिरचीवालीला सांगितलं, मिरचीवालीनं त्यात डोक्याला पडलेले सात टाके घातले, आणि दुपारपर्यंत सुनेला चंद्रपूरच्या दवाखान्यात भरतीही करून टाकलं. सून बिचारी तेव्हा ओसरीवर बसून झिंगे निवडत होती, दोन्ही हात शाबूत. मनगट मोडलं हे खरं. मोडणारी भागीरथा, हेही खरं. फक्त मनगट दुसऱ्याचं होतं. बाजारानं तीनपैकी दोन गोष्टी बरोबर सांगाव्या, म्हणजे पुष्कळच झालं की!

भागीरथेचा हात चालतो हे मोहल्ल्याला नवं नव्हतं. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी देवराव, म्हणजे तिचा नवरा, मोहाची पिऊन आला आणि जाळ्याच्या शिशाच्या गोळ्यांनी तिची पाठ फोडली. ती रडली नाही. त्याला केसांनी धरून तलावात नेलं, गळ्याइतक्या पाण्यात उभं केलं आणि डोकं खाली दाबलं. बुडबुडे आले. मग बुडबुडे कमी झाले. मग येईनासे झाले, तेव्हा कुठं तिनं त्याला वर ओढलं. देवराव काठावर अर्धा तास पाणी ओकत होता आणि ती शेजारी बसून जाळं सुकवत होती. त्या दिवसापासून देवराव पितो, पण घरी येताना आधी कुंपणाजवळ खाकरतो.

दुसरा प्रसाद प्रफुलला. हा तलावावर डोळा ठेवून असलेल्या ठेकेदाराचा माणूस. मागच्या उन्हाळ्यात त्यानं तलावात फवारणीचं औषध ओतलं, आणि सकाळी पांढऱ्या पोटाची मासळी काठाला लागली. भागीरथेनं त्याला भर दुपारी गाळातून फरफटत आणलं. त्या झटापटीत त्याच्या डाव्या कानाची पाळी गेली. ओढण्यानं गेली की दातानं, यावर आजही दोन मतं आहेत. तिला विचारायची कुणाची छाती नाही.

आता गुरुवारची गोष्ट. साल दोन हजार सात. गावच्या तलावावर एकशे बारा ढीवर घरांची मच्छीमार संस्था होती आणि भागीरथा तिची सचिव. ठेका नव्यानं मिळायचा तर सभासदांची मराठीत टाइप केलेली यादी, दोन प्रतींत, गुरुवारी पाचच्या आत सावलीच्या कचेरीत द्यायची होती. हातानं लिहिलेली यादी कचेरीनं दोनदा परत केली होती. यादी चुकली की तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे, आणि एकशे बारा घरं आपल्याच पाण्यात त्याच्या मजुरीवर.

यादी दिव्यानीनं, म्हणजे सुनेनं, आधीच टाइप केली होती. कॉम्प्युटरच्या क्लासात ती शिकली होती, आणि बल्लारपूरच्या पेपर मिलमधल्या तिच्या भावानं आपलं जुनं मशीन तिच्याकडे दिलं होतं. पण महिन्याभरापूर्वी मशीन बिघडलं, पुसून नव्यानं भरावं लागलं, आणि त्यात मराठी फॉन्टचा प्रोग्राम उडाला. गुरुवारी दोन वाजता तिनं यादी उघडली तर नावांच्या जागी नुसते चौकोन आणि कोंबडीच्या पायासारख्या रेघा. क्लासवाला लग्नाला गेलेला, क्लासला कुलूप. तीन वाजता लोडशेडिंग. सव्वातीनला एस.टी.

क्लासची सीडी दिव्यानीजवळ होती. तिनं ती घातली. कोपऱ्यात लाल चौकट उघडली आणि प्रोग्राम गायब.

"थे काय म्हणून राह्यलं व?" भागीरथेनं विचारलं.

"हा नवा अँटीव्हायरस आहे आत्या. राखणदार समजा. आपल्या फॉन्टच्या प्रोग्रामले चोर समजते. आला का धरते न् कोंडते."

"चोर आहे का पण थो?"

"नाई जी. क्लासच्या साऱ्या मशीनवर हाच चालते. मीच टाकला होता मागं."

"मंग सांग ना त्याले."

"तीनदा सांगतलं. ऐकत नाई. दहा मिनिटं त्याले बंद ठेवा लागते. तेवढ्यात प्रोग्राम आत टाकते, मंग परत चालू."

"दहा मिनिटं राखणदार नाई?" भागीरथा उठून उभीच राहिली. "मंग राखील कोन?"

"मी इंटरनेटवाली टेलिफोनची वायर काढून ठेवते. बस, तेवढ्यात बाहेरचं काई आत नाई आलं पाह्यजे."

दिव्यानी बोलली मशीनबद्दल. भागीरथेनं ऐकलं ते तलावाबद्दल. तिच्या तलावावर राखणीची एक रीत आहे. राखणदार जेवायला जातो तेव्हा काठी दुसऱ्याच्या हातात देऊनच जातो. काठी जमिनीला टेकली की तलाव उघडा पडला असं समजतात. तिनं डोंगा, म्हणजे होडी, ढकलायचा बांबू उचलला आणि तो आडवा धरून दारात उभी राहिली.

दिव्यानीनं घड्याळाजवळच्या छोट्या चित्रावर उजवं बटन दाबलं. एक तास, मशीन पुन्हा चालू होईस्तोवर, दहा मिनिटं असं विचारणारी चौकट आली. तिनं दहा मिनिटं निवडली. चित्रावर तांबडी फुली पडली. दोन वाजून पंचवीस.

पहिला वार शेळीवर पडला. ती सवयीनं सावलीला येत होती. मग देवराव पाणी प्यायला आला. खाकरलाही बिचारा.

"तिथीच थांब."

"माह्या घरात मलेच काऊन?"

"राखणदार झोपला आहे."

देवरावनं बांबू पाहिला, बायकोचे डोळे पाहिले, आणि तहान पुढं ढकलली.

तिसरा आला प्रफुल. मोटरसायकल कुंपणाला टेकवून, गळ्यात पेन ड्राइव्ह लोंबकळत. त्यानं आतल्या दिव्यानीला हाक मारली.

"वयनी, भाच्याच्या बारशाचे फोटो आहेत. जरा छापून दे ना."

"दहा मिनिटं कोनी आत नाई," भागीरथा म्हणाली.

"काऊन? देव बसवला का आत?"

"उंबऱ्याच्या बाहेर राय, प्रफुल."

"आज थे यादी देऊन राह्यले म्हणते तुमी," तो हसला. हसताना त्याची नजर फोटोवर नव्हती, भिंतीवरच्या विजेच्या बटनावर होती. ते बटन दारापासून दोन हातांवर. एकदा दाबलं की मशीन बंद, प्रोग्राम अर्धवट, आणि तीनला लाइट जाणारच. तो वाकला, बांबूखालून शिरला आणि त्यानं हात लांब केला.

बांबू मनगटावर उतरला. वाळलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. प्रफुल ओरडला नाही, आधी बघत राहिला. हात कोपरापासून सरळ होता आणि मनगटापासून भलतीकडेच. मग ओरडला. डाव्या हाताला पाट्यावरचा वरवंटा लागला, तो त्यानं सारा जीव लावून फिरवला. भागीरथेच्या तोंडावर बसला. दोन दात जमिनीवर पडले, तिसरा ओठात रुतला.

"आत्या!"

"मागं पाहू नको! तुह्यं काम कर!"

दिव्यानीनं मागं पाहिलं नाही. तिची बोटं चालत होती. "अर्धं झालं," ती रडत म्हणाली. प्रफुलनं लाथ घातली ती भागीरथेच्या पोटात बसली. ती चौकटीवर आदळली आणि तिथूनच बांबू आडवा करून त्याच्या गळ्याला लावला, त्याला भिंतीशी दाबला. तो नखांनी तिचा गाल ओरबाडत होता, ती सारं वजन घालत होती. त्याचा चेहरा तांबडा झाला, मग वांग्यासारखा. रक्त उडत होतं. कुणाचं किती, हे त्या गडबडीत कोण पाहतो? खुर्चीवर कोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, त्यावरही उडालं.

"अजून तीन मिनिटं, आत्या."

कुंपणावर अर्धा मोहल्ला जमला होता. सोडवायला कुणी गेलं नाही. खोटं कशाला सांगायचं, पुढल्या रांगेत जागा मिळावी म्हणून धक्काबुक्की मात्र झाली.

"झालं! प्रोग्राम बसला. राखणदार उठला, आत्या, चालू झाला!"

तेव्हाच भागीरथेनं दाब काढला. प्रफुल घसरून खाली बसला. बांबू तिनं जमिनीवर टाकला नाही, सुनेच्या हातात दिला, आणि मग भिंतीला टेकून भडाभडा रक्त थुंकली. प्रफुलला दोघांनी उचलून मोटरसायकलवर मधे बसवून नेलं. पोलिसात तो गेला नाही. गेला असता तर दुसऱ्याच्या घरातल्या बटनाशी त्याचं काय काम, हे आधी सांगावं लागलं असतं.

पडद्यावर चौकोनांची नावं झाली होती. प्रिंटर कुरकुरत एकेक पान सोडू लागला. स्वच्छ कागद शेवटच्या पानापर्यंत पुरले नाहीत. शेवटचं पान डागाच्या कागदावर निघालं, आणि लगेच लाइट गेली. दुसरं काढायची सोय उरली नाही.

एस.टी.त भागीरथेला कुणी तिकिटाशिवाय काही विचारलं नाही. तोंडावर पदर दाबून ती पावणेपाचला कचेरीत उभी राहिली. बाबूनं नावं मोजली, एकशे बारा. दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, पोच तिच्या हातात दिली, आणि मग शेवटचं पान उलटलं.

"बाई, हे काय? सभासदांच्या यादीवर रक्त?"

भागीरथेनं पदर बाजूला केला. फुटक्या ओठांनी म्हणाली, "थे सभासदाचं नाई सायेब, बाहेरच्याचं आहे. मोजू नका."