खंडेनवमीचं कुंकू लागलेला पाना

मंडळी, आज केजच्या एका गॅरेजमध्ये माझा आवाज चढला. राग अजून उतरलेला नाही.

आमच्या जीपचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोचवणारा भाग, बदलायचं होतं. माझा भाऊ याच जीपमधून रोज घाटनांदूरला प्रवासी नेतो. मिस्त्री पान्याला पाइप लावून ओळीने बोल्ट आवळत होते.

"समोरासमोरचे आवळा ना, दाब सारखा बसेल. आणि टॉर्क पाना कुठंय?" मी चढ्या आवाजात विचारलं.

"सर, वीस वर्सं झाली. हाताला अंदाज हाय."

ठरलेला जोर आला की टक् वाजणारा तो पाना भिंतीवरच होता. त्यावर खंडेनवमीचं हळदकुंकू वाळलेलं.

मी तो काढून त्यांच्या हातात दिला. तिसरा बोल्ट टक् वाजण्याआधी अर्धा फेरा फिरला.

"ह्यो राहिलाच व्हता बगा," मिस्त्री पुटपुटले. मग सगळे ढिले करून समोरासमोर, टक् ऐकत पुन्हा आवळले.

पण मागच्या वर्षी क्लच बदलताना मी बाहेर चहा पीत बसलो होतो, बोल्ट कसे आवळले ते पाहिलंच नाही. त्यानंतरही रोज त्या जीपमधून माणसं जातच होती. ते कसं विसरू?

तुमच्याकडे तो पाना वापरतात, की नुसता पुजतात? आणि तुम्ही कधी विचारलंत का?