पेझारकरांकडे नेलेला साखरेचा पुडा

अश्केलोनच्या बाजारातून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक गादीवाला होता. त्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, दोन हजार साली, एक कंपनी होती. त्या कंपनीत वाजणारा प्रत्येक फोन येमिमाबाई झिराडकर उचलत.

"गुड मॉर्निंग. प्लीज होल्ड द लाइन," असं त्या म्हणत. आवाज असा, की पलीकडच्या माणसाला वाटावं, मागे पन्नास टेबलं आहेत, संगमरवरी जिना आहे. मग रिसीव्हरवर तळहात ठेवून त्या हाक मारत, "तोमेर, तुझं हॉलंड आलंय रे!" तोमेर हाताच्या अंतरावर बसलेला असे. सकाळी तो इंजिनीअरिंग विभाग असे आणि दुपारी हिशेब विभाग.

येमिमाबाई मूळ झिराडच्या, अलिबागकडच्या. लहानपणी मुंबईला आल्या, शिकल्या, आणि टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. कानाला यंत्र, समोर भोकांची पाटी, आणि बोटांना जगातल्या सगळ्या शहरांचा रस्ता माहीत. एकोणसत्तर साली त्यांच्या वडिलांनी इस्रायलला यायचं ठरवलं. इथे आल्यावर त्या टोमॅटोच्या डब्यांच्या कारखान्यात गेल्या आणि तीस वर्षं झाकणं तपासत राहिल्या. कारखाना बंद झाला तेव्हा त्यांच्या बहिणीचा मुलगा एयाल म्हणाला, "मावशी, आमच्याकडे ये. आमचे फोन घे." एयाल इथेच जन्मलेला. त्याला मराठी सगळी कळते; बोलायला तोंड उघडलं की हिब्रू बाहेर पडते. 'मावशी' हा शब्द मात्र त्यानं कधी बदलला नाही.

एयालनं आणि त्याच्या सैन्यातल्या दोस्तानं, तोमेरनं, एक डबी बनवली होती. साबणाच्या वडीएवढी. आमच्या मोशावातून, म्हणजे आमच्या या सहकारी खेड्यातून, कार्नेशनची फुलं हॉलंडला जातात. इथे वाळूत उगवायचं आणि तिकडे धुक्यात विकायचं, असा हा धंदा. फुलं वाटेत कोमेजली की तिकडचा व्यापारी म्हणायचा, तुमचीच फुलं वाईट. आम्ही ऐकून घ्यायचो. ही डबी फुलांच्या खोक्यात ठेवली की वाटेत कुठे किती ऊन लागलं ते तिच्या पोटात राही, आणि तिकडे तिला टेलिफोनच्या तारेला जोडलं की ती सगळं सांगे. पहिल्या डब्या माझ्याच फुलांतून गेल्या. विमानतळावर खोकी उन्हात उभी राहतात, हे आम्हाला तिनं सांगितलं.

चांगली वस्तू बनली म्हणजे कंपनी बनली, असं पोरांना वाटलं होतं. तसं नसतं. पहिला पैसा घरचा होता, तो संपला. मग तेल अवीवच्या एका गुंतवणूक फंडाचा माणूस आला. त्याचं नाव मेइर. त्या वर्षी अशा फंडांकडे पैसा पाटाच्या पाण्यासारखा वाहत होता. पण पाट कुणाच्या वाफ्यात वळवायचा ते मेइरसारखी माणसं ठरवत. त्याला डबी आवडली. गादीवाल्याचा जिना उतरताना तो म्हणाला, "तुम्ही दोघंही प्रोग्राम लिहिणारे. अशा हजारो डब्या करायच्या, त्यातली एकही बिघडता कामा नये, ते कोण बघणार? तपासणीतला पक्का इंजिनीअर आणा. त्याची सही पेसाखच्या सणाआधी दाखवा. आमची कमिटी सणाआधी बसते. त्यानंतर तो पैसा दुसरीकडे जाईल."

सण दीड महिन्यावर होता.

पोरांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. तेल अवीवहून फोन आले. पहिला प्रश्न पगाराचा, दुसरा "अश्केलोनला ट्रेन आहे का?" दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर बोलणं संपे. एक जण प्रत्यक्ष आला, खाली रचलेल्या गाद्या बघितल्या आणि वर न येताच गेला. मग तोमेर म्हणाला, आपलं नाव कुणाला माहीत नाही म्हणून माणूस मिळत नाही. म्हणून प्रसिद्धीचं काम करणारी एक बाई नेमली. तिनं तीन आठवडे फोन केले आणि एका सायंदैनिकात त्यांच्याबद्दल तीन ओळी छापून आणल्या, नव्या हॉटेलाच्या बातमीखाली. त्या तीन ओळी वाचून गादीवाला तेवढा वर आला, आणि भाडं वाढवू का म्हणाला.

येमिमाबाई हे सगळं फोनच्या टेबलावरून बघत होत्या. एके दिवशी म्हणाल्या, "माणूस असं जाहिरात देऊन मिळतं का रे? माणूस घरी जाऊन मागायचं असतं."

"कुणाच्या घरी, मावशी?"

"किर्यात गातला. पेझारकरांच्या."

हानोखभाऊ पेझारकरांची मुलगी ओरिट त्या गावातल्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यात इंजिनीअर होती, तपासणी विभागातच. आम्हा मराठी ज्यूंच्या अख्ख्या बेने इस्रायल समाजात तिचं नाव होतं. आमच्या घराघरांत मुलींना तिचा दाखला देत, आणि मुली कंटाळत.

येमिमाबाई रविवारी दुपारी निघाल्या; इथे रविवार कामाचाच दिवस. रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जायचं नाही आणि चांगल्या गोष्टीची सुरुवात तोंड गोड करून करायची, म्हणून त्यांनी साखरेचा पुडा घेतला, लाल कागदात बांधलेला. एयालला इस्त्रीचा पांढरा सदरा घालायला लावला. बसमधून गव्हाची हिरवी शेतं मागे जात होती. त्या दिवसांत तो प्रदेश इतका हिरवा असतो, की महिनाभरात तो पार वाळणार आहे हे खरं वाटत नाही.

"ओरिट कामावर आहे," तिची आई डिनावहिनी दार उघडत म्हणाल्या.

"बरंच झालं," येमिमाबाई म्हणाल्या. "आधी मोठ्यांशी बोलावं."

पुडा टेबलावर ठेवला. चहा आला. येमिमाबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "हानोखभाऊ, एयालच्या कंपनीला तुमची ओरिट पाहिजे. कामाला."

"किती माणसं हायत कंपनीत?"

"तिघं."

"तुला धरून?"

"मला धरून."

हानोखभाऊ हसले. ते स्वतः वीस वर्षं कापडगिरणीत होते. "अगो येमिमा, आमच्या गिरणीत संडासाच्या रांगेत याहून जास्त माणसं असायची. ती गिरणी पण बंद पडली. ओरिटच्या दारात कारखान्याची बस येते. दुपारचं जेवण देतात. दात दुखला तर दाताचा डॉक्टर देतात. तुम्ही काय देता?"

येमिमाबाईंनी एयालकडे बघितलं. एयालनं जन्मात पहिल्यांदा लोकांपुढे 'मावशी'खेरीज मराठी शब्द उच्चारला.

"चहा."

"तो मी पण देतो," हानोखभाऊ म्हणाले. "बेटा, तू हुशार हायस. पण मी एक गिरणी बंद पडताना बघितली, पोरीला दुसरी बघायला लावणार नाय. हा पुडा घेऊन जा."

"साखर परत पाठवतात होय?" डिनावहिनी मध्ये पडल्या. "राहू दे."

पुडा राहिला. तेवढ्यात शेजारच्या ब्राखाबाई कोथिंबीर मागायला आल्या. त्यांनी टेबलावरचा लाल पुडा बघितला, पांढऱ्या सदऱ्यातला मुलगा बघितला. डिनावहिनी म्हणाल्या, "कामाचं बोलणं चाललंय." ब्राखाबाईंनी मान हलवली. कामाच्या बोलण्याला कुणी साखर घेऊन येतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा फोन वाजू लागला, तो थांबेना. दिमोनाहून, बेएर शेवाहून, लोदहून. "माझल तोव, अभिनंदन गो येमिमा! आम्हाला कळवलं नाहीस?" "हॉल कुठला घेतलात?" "मेंदी कधी?" येमिमाबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "लग्न नाही बाई, नोकरीचं बोलणं आहे," आणि पलीकडून उत्तर येत होतं, "हो हो, ठरेपर्यंत असंच सांगतात."

तोमेर डोकं धरून बसला. "त्या प्रसिद्धीवाल्या बाईला उगाच नेमलं," तो म्हणाला. "आधीच मावशीला पाठवायला पाहिजे होतं."

अकरा वाजता मेइरचा फोन लागला. "येमिमा, सकाळपासून लाइन बिझी! ऑर्डरी वाढल्या वाटतं?"

येमिमाबाईंनी तळहात रिसीव्हरवर ठेवला नाही. "घरचे फोन आहेत, मेइर. माझ्या भाच्याचं लग्न ठरलंय असं लोकांना वाटतंय."

"आणि ठरलंय?"

"नाही. इंजिनीअरचंही ठरलेलं नाही."

मेइर मोठ्यानं हसला. मग म्हणाला, "दहा दिवस आहेत, येमिमा."

दुपारी जिन्यावर बूट वाजले आणि ओरिट दारात उभी राहिली. उंच, केस मागे बांधलेले, कारखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यात; तिथल्याच एका मैत्रिणीच्या गाडीनं आलेली. ती हिब्रूत बोलली, पण येमिमाबाईंना नीट समजावं म्हणून सावकाश.

"माझ्या लग्नाची बातमी मला कॅन्टीनमध्ये कळली. भात वाढून घेत होते मी."

"पोरी, माझी चूक झाली. पण मी लग्नाचं बोललेच नव्हते. कामाचं—"

"ते मला माहीत आहे. तुम्ही आबांना विचारलंत. आईला विचारलंत. ब्राखालाही कळलं. मला कुणी विचारलं?"

तेवढ्यात फोन वाजला, तो कुणी उचलला नाही.

ओरिटनं टेबलावरची डबी उचलली. नखानं झाकण काढलं, आत बघितलं. "ही तार पहिल्याच थंड गोदामात तुटेल," ती म्हणाली. झाकण लावलं, डबी होती तिथे ठेवली आणि गेली.

"गेली," तोमेर म्हणाला.

"मावशी," एयाल म्हणाला, "तू परत तिच्या आबांकडे जा. तू बोललीस तर ते ऐकतील."

येमिमाबाई फोनच्या टेबलाकडे वळल्या. त्या दिवशी त्यांनी फोन घेतले, पण दोन शब्दांत.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा किर्यात गातला गेल्या. या वेळी हातात काही नव्हतं, सोबतही कुणी नव्हतं. पेझारकरांच्या घरावरून पुढे जाऊन त्या कारखान्याबाहेरच्या बसथांब्यावर बसल्या. पाळी सुटली. माणसं बाहेर आली, उन्हात डोळे बारीक करत, कारण आत खिडक्या नसतात. ओरिटनं त्यांना बघितलं, आणि घरची बस सोडून ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

"मी तुला विचारायला आले," येमिमाबाई मराठीत म्हणाल्या. "हो म्हण, नाही म्हण. मी फक्त विचारलं नव्हतं, ते विचारायला आले."

येमिमाबाई समोरच्या निलगिरीच्या झाडांकडे बघत होत्या.

"मुंबईला माझी कायम नोकरी होती. सुपरवायझर करणार होते मला. एके संध्याकाळी घरी गेले तर वडील म्हणाले, आपण इस्रायलला चाललो, राजीनामा देऊन ये. देशावर माझा राग नाही. आपलाच देश. पण कोणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी बहुतेक होच म्हणाले असते. तरी तीस वर्षं झाकणं बघताना मनात यायचं, विचारलं असतं तर बरं झालं असतं." मग त्या ओरिटकडे वळल्या. "एवढं मला ठाऊक होतं आणि तरी मी तुझ्या बापाकडे गेले. असं असतं बघ."

ओरिट बराच वेळ ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मग तिनं विचारलं. पगार किती महिने पुरेल? फंडानं हात काढला तर काय? कंपनीत एयाल आणि तोमेरचा जेवढा हिस्सा आहे, तेवढा मला मिळणार का, की मी फक्त नोकर? येमिमाबाईंना यातलं थोडंच सांगता आलं. बाकीचं "मला ठाऊक नाही" म्हणून त्यांनी सोडून दिलं.

"हिस्सा बरोबरीचा पाहिजे," ओरिट म्हणाली. "तो लिहून द्या. मग मी कारखान्यात वर्षाची बिनपगारी रजा मागीन. नोकरी सोडणार नाही, आणि फंडाला सहीही मिळेल."

"एयालला काय सांगू मी?"

"काही सांगू नका. त्याला हवं असेल तर त्यानं मला विचारावं. आणि आबांशी मी बोलेन."

संध्याकाळी येमिमाबाई जिना चढून आल्या तेव्हा दोघं पोरं दारातच होती.

"काय म्हणाली? हो की नाही?"

"मला काय विचारता? तिचा नंबर घ्या आणि तिला विचारा."

"मावशी, लाव ना तू. तुझ्या आवाजात—"

"नाही. ही लाइन मी जोडून देणार नाही."

एयालनं स्वतः नंबर फिरवला. येमिमाबाई बाहेर सज्जात जाऊन उभ्या राहिल्या. खाली गादीवाला गाद्या आत ओढत होता. काचेच्या दारातून त्यांना पोरांचे हातवारे दिसत होते. तोमेर दोनदा रागानं उठला. बरोबरीचा हिस्सा त्याला पटत नव्हता. एयालनं फोन कडेला धरून त्याला काही सांगितलं, त्यानं परत काही सांगितलं. शेवटी तोमेर खाली बसला, कागद ओढून घेतला आणि लिहू लागला.

सणाच्या चार दिवस आधी ओरिटनं सही केली. रजा तिला मिळाली. मेइरच्या कमिटीनं पैसा मंजूर केला, आणि तो सांगितल्यापेक्षा थोडा कमीच आला, कारण तसाच येतो.

सण आटोपल्यावर पहिल्या कामाच्या दिवशी, ओरिट अजून पोहोचायची होती, तेव्हा फोन वाजला. येमिमाबाईंनी गुड मॉर्निंग म्हटलं.

"मी हानोख," आवाज आला. "तिनं मला विचारलं नाय हां, येमिमा. सांगितलं. बसली समोर आणि सांगितलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? आत्ता तिच्याबरोबर स्टँडवर गेलो होतो. अश्केलोनची बस कुठून सुटते, तिला ठाऊक नव्हतं."