पार्बताबाई रडल्याच नव्हत्या

अकोल्याहून मी एक छोटा दिवाळी अंक काढतो. यंदा एकोणीस वर्षं होतील. सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, भर दुपारी, एसटीच्या खाकी गणवेशातल्या एक बाई आमच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची फाइल.

"मी भावना तायडे. अमरावती डेपोत कंडक्टर हाये. तुम्हाला पाच कथा पाठवल्या, पाचही वापस आल्या. चिठ्ठीवर फक्त 'साभार परत' छापलेलं आहे. काय चुकलं ते त्याच्यात लिहिलं नाही, म्हणून विचारायला आली. गाडी सव्वाचारला सुटते."

मी त्यांना आत बोलावलं. खरं सांगायचं तर त्यांची एकही कथा मी दुसऱ्या पानापलीकडे वाचली नव्हती. अंकाकडे दरवर्षी तीनेकशे कथा येतात आणि वाचणारा मी एकटा. पण समोर बसलेल्या माणसाला हे सांगवेना. फाइलमधली वरची कथा घेतली आणि त्यांच्यासमोरच शेवटपर्यंत वाचली. तोवर त्यांनी पंख्याखाली बसून बाटलीतलं पाणी संपवलं.

"तुमच्या कथेतली माणसं फार लवकर रडतात," मी म्हणालो. "दुसऱ्या पानावर मुलगी रडते, चौथ्यावर तिचा बाप, शेवटी शेजारीणही. वाचणाऱ्यासाठी काही शिल्लकच राहत नाही."

त्यांना ते लागलं. त्यांनी विचारलं, "मग काय करू?"

दोष दाखवायचं काम मी इतकी वर्षं करत आलोय, उपाय मला कधीच ठाऊक नव्हता. "लिहीत राहा," असं काहीतरी पुटपुटलो. ते त्यांनाही पोकळ वाटलं असणार. चहा पिऊन, फाइल उचलून त्या गेल्या.

पुढे ओळख वाढली तेव्हा त्यांची हकीकत कळत गेली. माहेर तिवशाचं. बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत दोन कपाटांचं वाचनालय होतं, ते त्यांनी दहावीपर्यंत संपवलं. सव्विसाव्या वर्षी एसटीत लागल्या. नवरा शेखर भातकुलीच्या वीज उपकेंद्रात ऑपरेटर, मुलगी आचल तेव्हा नववीत. लिहायची वेळ पहाटेची, ड्यूटीच्या आधीची. स्वयंपाकाच्या ओट्यावर वही ठेवून त्या उभ्यानं लिहीत. बसलं की डोळा लागतो, म्हणाल्या.

माझ्याकडे येऊन गेल्यावर वर्षभरानं एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत त्यांची 'डबा' नावाची कथा छापून आली. त्यांनी मला कात्रण पाठवलं. एक म्हातारी दर गुरुवारी अमरावतीहून अचलपूरला जाते. मांडीवर डबा असतो. मुलगा वेगळा राहतो, सून दार उघडत नाही, म्हातारी डबा तसाच घेऊन परत येते आणि खिडकीशी बसून रडते. कथा नीट बांधलेली होती, वाचकांना आवडली. डेपोतल्या लोकांनी कात्रण नोटीस बोर्डावर लावलं, ड्रायव्हर मंडळींनी पेढे मागितले.

ती म्हातारी खरी होती. नाव पार्बताबाई. दर गुरुवारी भावनाताईंच्या सकाळच्या गाडीला त्या अचलपूरला जात आणि संध्याकाळी त्यांच्याच फेरीला परत येत. बोलणं तिकिटापुरतं. परतताना त्यांचे डोळे लाल असत. बाकी सगळं भावनाताईंनी मनानं रचलं होतं.

पुरवणी आली त्याच्या पुढच्या गुरुवारी वलगाव मागे पडलं आणि पार्बताबाईंनी त्यांना हाक मारून शेजारी बसवलं.

"बाई, तुमी पेपरात लिवलं म्हंते. नातीनं वाचून दाखवलं मले."

भावनाताई घाईनं म्हणाल्या, "आजी, नाव नाही टाकलं मी तुमचं."

"नावाचं नाई म्हनत मी. खिडकीजवयची, निया पातयाची, गुरवारची बाई. मीच हाये ते." त्यांनी निळ्या पातळाचा पदर सारखा केला. "पन मले रडवलं काहून तुमी?"

"तुमचे डोळे लाल असतात ना, आजी."

"मोतीबिंदूचं आपरेशन झालं माहं. हवा लागली का लाल होतेत. मी कायले रडू? अन् सुनेचं काय लिवून ठेवलं? माही सून अमरावतीतच असते, डबा तेच भरून देते. तिनं आयकलं त दोन दिवस जेवली नाई ते."

भावनाताईंनी माफी मागितली. पार्बताबाईंनी ती ऐकलीही नसावी. त्यांचं रागावणं वेगळ्याच गोष्टीवर होतं. "तुमी मले इतकी गरीब करून टाकलं," त्या म्हणाल्या. "लोक म्हनतीन, बिच्चारी. मी तिथं काहून जातो हे तुमी एकडाव तरी इचारलं काय?"

एवढं बोलून त्या खिडकीबाहेर पाहत बसल्या. आसेगावला गर्दी चढली, भावनाताईंना उठावं लागलं.

त्यानंतर पाच महिने त्यांनी एक ओळ लिहिली नाही. शेखरनं विचारलं तर म्हणत, थकवा आहे. डेपोतल्या बोर्डावरचं कात्रण त्यांनी स्वतः काढून आणलं. मला फोन केला तो या काळात, बऱ्याच दिवसांनी. "सर, तुम्ही म्हटलं होतं माणसं लवकर रडतात. ते मी रडवत होते. मला दुसरं काही सुचतच नव्हतं, म्हणून." मी म्हटलं, सगळेच लिहिणारे अंदाजानं लिहितात. "अंदाज चांगला असेल तर ठीक," त्या म्हणाल्या, "माझा फुकटचा होता. समोर बसलेल्या बाईपेक्षा स्वस्त." फोन ठेवल्यावर मी बराच वेळ 'स्वस्त' या शब्दावर अडकून होतो.

मग त्यांनी एक काम सुरू केलं. त्याला लिखाण म्हणायलाही त्या तयार नव्हत्या. शंभर पानी वही घेतली. रोज गाडीतल्या एका माणसाविषयी डाव्या पानावर आपला अंदाज लिहायचा. हा कुठून आला, कशासाठी चालला, गप्प का आहे. मग जमेल तेव्हा, गाडी रिकामी असताना, त्या माणसाशी बोलायचं आणि खरं काय ते उजव्या पानावर लिहायचं. पुष्कळ पानं उजवीकडे कोरी राहिली, कारण प्रत्येक जण बोलत नाही. जी भरली ती मी पाहिली आहेत. परतवाड्याला रोज जाणारा एक पोरगा त्यांना प्रेमात पडलेला वाटला होता. तो कंपाउंडरची नोकरी सुटल्याचं घरी लपवून दिवसभर बसस्टँडवर बसत होता. नवी साडी नेसलेली एक बाई लग्नाला निघाली असेल असं डावीकडे होतं. उजवीकडे होतं: कोर्टात तारीख, वकील म्हणाला नीट दिसा.

"भरलेल्या पानांतले किती अंदाज बरोबर आले?" मी विचारलं होतं.

"नऊ. पण बरोबर आलेल्यांचा काही उपयोग नाही, सर. चुकलेलेच वाचते मी. मी कुठं घाई केली ते त्याच्यात दिसते."

हे सगळं चालू असताना पार्बताबाई दर गुरुवारी गाडीत असत आणि दोघी तिकिटाशिवाय बोलत नसत. एक दिवस भावनाताईंनी धीर केला. मशीनमधून तिकीट फाडून हातात दिलं आणि विचारलं, "आजी, तुम्ही अचलपूरला काहून जाता?"

पार्बताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आता इचारलं होय. मंग सुट्टी काढा अन् चाला संगं."

पुढच्या गुरुवारी भावनाताईंनी रजा टाकली आणि आपल्याच गाडीत प्रवासी म्हणून बसल्या. त्या प्रवासात पार्बताबाईंनी सांगितलं ते असं. नवरा मोतीराम कामासाठी अचलपूरला गेला आणि तिथंच दुसरं घर करून राहिला. पार्बताबाईंनी अमरावतीत लोकांची धुणीभांडी करून दोन मुलं मोठी केली. तेहतीस वर्षं गेली. ती दुसरी बाई वारली, मग मोतीरामला लकवा मारला. एक पुतणी सकाळ-संध्याकाळ पाहून जाते, मधला दिवस तो एकटा पडून असतो. निरोप आला तेव्हा मुलं नाही म्हणाली. पार्बताबाई मात्र गेल्या.

"माफ केलं तुम्ही त्यांना?" भावनाताईंनी विचारलं.

"माफबिफ काई नाई. त्यानं उभ्या जन्मात माहं नाव नाई घेतलं. 'अवो' नाईतं 'आयकते का'. लगनातबी उखाना मीच घेतला, तो हासून मोकया झाला. पयल्या दिवशी गेलो त पानी मांगतलं त्यानं. मी म्हनलं, नाव घे माहं, मंग देतो. नाई घेतलं. अर्धा घंटा मी गिलास धरून बसून राहिलो."

"मग?"

"मंग घेतलं. जीभ वयत नाई त्याची. 'पाबता' म्हने." पार्बताबाई हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. ते हवेनं होतं की कशानं, हे विचारायचं भावनाताईंनी टाळलं.

घर एका बोळात होतं, एक खोली आणि मोरी. खाटेवर मोतीराम. पार्बताबाईंनी डबा उघडला, त्याला भाकर कुस्करून चारली, तोंड पुसलं. पाणी मागताना त्यानं नाव घेतलं, तसं त्यांनी दिलं. भावनाताई दाराशी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी वही आणली नव्हती. दुपारी पार्बताबाई मोरीत त्याचं धोतर धुवायला बसल्या. तेवढ्यात मोतीरामनं हाक मारली, "पाबता." भावनाताईंनी उठून तांब्या पुढे केला. त्यानं मान हलवली, पाणी नको होतं. थोड्या वेळानं पुन्हा, "पाबता." त्याला काहीच नको होतं. तो छताकडे पाहत नुसतंच म्हणत होता.

मोरीतला आवाज थांबला होता. पार्बताबाईंनी ओ दिली नाही. धोतर हातात तसंच धरून त्या पाठमोऱ्या बसून राहिल्या, मग पुन्हा धुवायला लागल्या.

परतताना त्या म्हणाल्या, "लिवा. पन त्याले वाईट नका करू. वाईट नव्हता तो. भेकड होता."

ती कथा लिहायला भावनाताईंना चौदा महिने लागले. आधीच्या कथा त्या चार दिवसांत संपवत. या वेळी एकेक प्रसंग चार-चार वेळा लिहिला. आचल तोवर बारावीला गेली होती, ती सांगते की आई पहाटे ओट्याशी उभी राहून पुसटसं पुटपुटायची, वाक्य तोंडातून नीट निघतं का ते पाहायला. पुरवणीवाल्यांना विचारलं, ते म्हणाले हा विषय तुमचा छापून झालाय. मग कथा माझ्याकडे आली.

मी ती एका बैठकीत वाचली आणि शेवट बदला असं कळवलं. मला वाटत होतं, म्हातारीनं शेवटी ओ द्यावी. तेहतीस वर्षांनी नवरा हाक मारतो, वाचकाला तेवढं तरी मिळायला हवं. त्यांचा फोन आला.

"त्या ओ देत नाहीत, सर."

"कथेत देऊ शकतात."

"मी तिथं होते. त्या धोतर धरून बसल्या होत्या. ओ दिली तर ते जे होतं ते सगळं जाईल. मग ती पुन्हा माझीच म्हातारी होईल, पहिलीवाली."

मी दोन दिवस अडून बसलो. तोवर इतका हट्ट करणारा लेखक मला भेटला नव्हता. तिसऱ्या दिवशी कथा पुन्हा वाचली, मोरीतला आवाज थांबतो त्या ओळीशी थांबलो, आणि आहे तशी छपाईला दिली.

फार काही घडलं नाही. दोन पत्रं आली, एक वाशिमहून, एक पुसदहून. बक्षीस नाही, कोणी बोलावलं नाही. मोतीराम अंक निघायच्या आधीच, श्रावणात वारला. भावनाताई अंक घेऊन पार्बताबाईंच्या घरी गेल्या आणि त्यांना, सुनेला आणि नातीला कथा वाचून दाखवली. वाचून झाल्यावर सून उठून चहा ठेवायला गेली. पार्बताबाईंनी एवढंच सांगितलं, "तो डाव्या हातानं गिलास धरे. तुमी उजवा लिवला." भावनाताईंनी तिथंच पेन काढून आपल्या प्रतीत दुरुस्त केलं.

त्यांची नोकरी चालू आहे. मी एकदा विचारलं की इतकं करून वर्षाला एक कथा होते, कंटाळा येत नाही का. त्या म्हणाल्या, पूर्वी छापून आलं नाही की कंटाळा यायचा, हातात दुसरं काही नसायचं म्हणून. आता गाडीत चढलं की काम सुरूच असतं.

गेल्या वर्षी त्यांनी एका निवृत्त ड्रायव्हरवरची कथा पाठवली. मला आवडली, पानं लावून झाली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

"सर, कथा थांबवा. त्यांच्या घरी जाऊन आले मी. त्यांची बायको वेगळंच सांगून राहिली."

"पानं प्रेसला गेली आहेत, ताई."

"मग प्रेसला फोन करा."

मी केला. त्या पानांवर दुसऱ्या कोणाची तरी कथा गेली. भावनाताईंना पुरे अकरा महिने लागले आणि त्या वर्षीचा अंक हुकला. यंदाच्या अंकात ती कथा आहे, पान एकोणसत्तरपासून पुढे. मी तिच्यातला एक शब्दही बदललेला नाही.