मल्लेशचा १२३४५६७८९१

मल्लेश काल गेला, आणि आज सकाळी त्याच्या मेव्हण्याने मला विचारलं, "फ्लेक्सवर हा मोबाईल नंबर कुणाचा?"

१२३४५६७८९१.

दहा आकडे आहेत खरे.
पण ही मल्लेशने स्वतःच्या हाताने सिद्ध केलेली मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, एवढे सोडून कुठल्याही संख्येने तिला पूर्ण भाग जात नाही.

नववीपर्यंत आम्ही एका वर्गात. पुढे मी संस्कृतकडे गेलो आणि तो एमआयडीसीत चादरीच्या मागावर.
"उपयोग काय?" हा प्रश्न लोक फक्त मला विचारायचे. मग त्याने हा उद्योग काढला आणि आम्ही बरोबरीत आलो.

पस्तीस हजार एकशे छत्तीसपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचं. तिचं वर्गमूळ तेवढंच, त्यापुढे गरज नाही.
म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त भागाकार. चादरीच्या नक्षीचे बाद झालेले, भोकाभोकांचे पुठ्ठे असतात, त्यांच्यावर. भोकं चुकवत, पेन्सिलीने.

मी एकदा ऐटीत सांगितलं, संस्कृतात परार्धापर्यंत प्रत्येक स्थानाला नाव आहे.
"नावं ठेवायला काय जातं, शास्त्री? भाग लावून बघ की."

त्याच्या सुपरवायझरने फोनवर सेकंदात उत्तर काढून दाखवलं. प्राइम आहे, विषय संपला.
मल्लेश म्हणाला, "फोनला कळलं. मला कुटं कळलंय अजून?"

मग १००९ ला आला आणि बाकी शून्य.

पुठ्ठा घेऊन माझ्या दारात उभा. चेहरा उतरलेला.
"फोन खोटा का मी खोटा, तेवढं सांग."
मी भागून पाहिलं. बाकी ८९६. मध्ये एक वजाबाकी चुकली होती.

दुसरा कुणी सुटलो म्हणाला असता. हा घरी गेला आणि आधीचे एकशे अडुसष्ट भागाकार पहिल्यापासून तपासायला बसला. "एक चुकलं तर बाकीच्यांचा काय भरवसा?"

दोन वर्षं लागली. शेवटचा भागाकार झाला तेव्हा लाईनीत पेढे वाटले. कारण कुणालाच कळलं नाही. पेढे मात्र संपले.

तर, फ्लेक्स.
फोटोखाली ही संख्या हवी, असं त्याच्या मुलीने, लक्ष्मीने सांगितलं होतं. फ्लेक्सवाला म्हणाला, "सर, पुढं प्लस नाइन वन टाकू का?"
मेव्हणा म्हणाला, "काढून टाका. चौकात लोक हसतील. गेलेल्या माणसाचं हसू कशाला?"
चार नातेवाईकांनी माना डोलावल्या. लक्ष्मी तोवर रडली नव्हती, तिथे तिचे डोळे भरले.

"काका, पप्पांनी दोन वर्षं घातली ह्यात. आपल्याला एक ओळ जड व्हायली का?"

मी स्वभावाने भांडखोर नाही. तीस वर्षं संस्कृत शिकवल्यावर माणूस हरायला सरावतो.
आज नाही हरलो.

मेव्हण्याला म्हटलं, "फ्लेक्सवर नगरसेवकाचा फोटो टाकायचं ठरवलंत, तो मल्लेशला ओळखत तरी होता का? तो काढा. जागा होईल."

फ्लेक्स लागलाय. वर मल्लेश, खाली त्याची संख्या. मध्ये कुणी नाही.

दुपारपासून दोघेजण हसून गेले. हसा.
फोन लावायचा तर तोही लावा.
आणि जमलंच तर भाग लावून बघा. पुठ्ठे लक्ष्मीकडे आहेत, पेन्सिल मी देतो.

मल्लेशा, श्रद्धांजली घे. भावपूर्ण आहेच, ते वेगळं छापलं नाही.