लिउजौची चौकशी

घ्या, चहा घ्या. आणि हसायचंच असेल तर आत्ताच एकदा पोटभर हसून घ्या, कारण मी जो पराक्रम केलाय तो आमच्या सात पिढ्यांत कुणी केला नसेल. माणूस चुकतो, मान्य. पण दुसऱ्याची परीक्षा घ्यायला जाऊन स्वतः असा चारी मुंड्या चीत होणारा माझ्याखेरीज कुणी बघितलाय तुम्ही?

झालं असं, की मे महिन्यात इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या, एका कॉलेजनं माझं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. इतकी वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवत होतो. ‘बजेट नाही’ म्हणाले, केक कापला, टाळ्या वाजवल्या, संपलं!

पन्नाशी उलटलेल्या माणसाला पुन्हा कोण विचारतो हो? अर्ज पाठवत होतो, उत्तरंही यायची. अगदी गोड भाषेत ‘नाही’ म्हणायचे. वैदेही, माझी बायको, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आहे, त्यामुळे घर चाललं होतं. पण रोज सकाळी ती गाडी काढायची आणि मी खिडकीतून हात हलवायचो, तेव्हा फार वाईट वाटायचं. आपला उपयोग संपला की काय, अशी भीती वाटायची.

अशात शेजारची मेई मेलबॉक्सपाशी भेटली. ती मूळची चीनमधल्या लिउजौची, इथं युनिव्हर्सिटीत रिसर्च करते. तिची शाळेतली मैत्रीण तिकडच्या एका कॉलेजात आहे आणि त्यांना इंग्रजीतून स्टॅटिस्टिक्स शिकवणारा माणूस हवा होता. मी अर्ज केला, व्हिडिओवर मुलाखत झाली आणि चक्क पत्र आलं. या म्हणाले! एका वर्षासाठी. सोमवारपर्यंत कळवा.

आता मी आनंदानं उडी मारायला हवी होती की नाही? पण नाही. नोकरी नसताना माणसाचा तोरा दुप्पट होतो, हे तुम्हाला माहीत नसेल तर माझ्याकडे बघा.

जर्सी सिटीतल्या मिलिंदला फोन लावला. हा माझा जुना मित्र, पुण्याचा.

“शांघाय का?”

“नाही.”

“बीजिंग?”

“नाही रे, लिउजौ.”

“थांब, मॅपवर झूम करतो... अरे यार, हे म्हणजे पुणं सोडून नागपूरला जाण्यासारखं झालं!”

मी नागपूरचा. फोन ठेवला.

आमची इरा अकरावीत आहे. तिनं लॅपटॉपवरून मान वर न करता सांगितलं, “बाबा, नो ऑफेन्स, बट नोबडी हॅज हर्ड ऑफ इट.”

वैदेही तेवढी शांत होती. “तुला जायचंय का, ते आधी तू ठरव. मग माझं मी सांगते.”

म्हटलं, ठरवतो. पण आधी चौकशी! आपल्याकडे स्थळ आलं की कशी चौकशी करतात? घर कसं, माणसं कशी, विहिरीला पाणी आहे का? तशी. आणि चौकशीला माणूसही आयताच होता. मेईची आई पंधरा दिवसांपूर्वीच सहा महिन्यांसाठी लेकीकडे आली होती. मेई म्हणाली, “शुक्रवारी संध्याकाळी या. मी लॅबमधून उशिरा येईन, पण आई आहे. फोनवर भाषांतराचं ॲप आहे, त्यावर बोला.”

निघताना वैदेही म्हणाली, “जेवायला घरी ये. भरली वांगी केलीयेत.”

“अर्ध्या तासात आलो!” मी म्हटलं. हे वाक्य माझ्या थडग्यावर कोरायला हरकत नाही.

मेईची आई म्हणजे आजीच म्हणा ना, ठेंगण्या, हसऱ्या, कमरेला एप्रन. मी खुर्चीत ऐसपैस बसलो आणि फोनमध्ये पहिला प्रश्न टाकला. काय टाकला असेल? “तुमच्या गावात वीज नियमित असते का?”

ॲपनं तो चिनी भाषेत बोलून दाखवला. आजी जरा विचारात पडल्या. मग उत्तर आलं, “गेल्या आठवड्यात वादळ झालं आणि इथली वीज गेली, तशी का? नाही, आमच्याकडे तशी जात नाही.”

आजी एक, मी शून्य. मी पुढचा प्रश्न जुळवतोय तोवर त्यांनी माझ्यापुढे एक वाडगा ठेवला. तांदळाच्या शेवया, वर लालभडक तर्री, शेंगदाणे, तळलेलं कुरकुरीत काहीतरी आणि आंबवलेले बांबूचे कोंब. आणि वास! वासाबद्दल मी एवढंच सांगतो, की मी आधी माझे मोजे तपासले.

पण पहिला घास पोटात गेला आणि काय सांगू! मी सावजी खाऊन वाढलेला माणूस. अमेरिकेत इतकी वर्षं तिखटासाठी जीव टाकतोय. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, कान गरम, आणि जिभेवर नुसता स्वर्ग. वाडगा तळापर्यंत संपवला.

आजींनी लगेच दुसरा भरून ठेवला.

“नको, नको,” मी हातानं खूण केली. आजी हसल्या आणि वाडगा पुढे सरकवला. आता आईनं लहानपणापासून काय शिकवलंय? पानात टाकायचं नाही! संपवला. तिसरा आला. “खरंच नको,” तोही संपवला. मी वाडगा रिकामा करतोय, आजी भरतायत, दोघंही आपापल्या परीनं अगदी सभ्यपणे वागतोय.

तिसऱ्यात अर्ध्यावर असताना आजींना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी लिउजौला धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ झालेली. मावशीबाई शेवयांच्या दुकानातच नाश्ता करत होत्या. त्यांनी मला खाताना बघितलं मात्र, दुकानातल्या चार-पाच जणांना हाका मारल्या. सगळे स्क्रीनमध्ये डोकी घालून मला बघताहेत, आणि मी घाम पुसत शेवया ओढतोय! स्थळ बघायला मी गेलो होतो ना? आता मुलगी मीच झालो होतो.

दुकानदार उत्साहानं आतलं पातेलं दाखवायला धावला. रश्श्यात काय होतं माहितीये? गोगलगायी! दोन मिनिटं मी नागपूर, सावजी, सगळा अभिमान विसरलो. पण सगळे बघत होते. शिवाय खरं सांगू? चव तीच होती. गिळलं.

मग मावशीबाई फोन घेऊन बाहेर पडल्या. पुलावर गेल्या आणि फोन फिरवला.

तुम्हाला मी कसं सांगू? शहराच्या मधोमध डोंगर उभे! शहराबाहेर नाही हं, उंच इमारतींच्या मध्ये, रस्त्याच्या कडेला, सरळसोट वर गेलेले हिरवे डोंगर. त्यांच्याभोवती नदीनं मोठा वळसा घातलेला, पाण्यावर धुकं. आणि त्या नदीत माझ्या वयाची, माझ्याहून मोठी माणसं सकाळी सकाळी पोहत होती. कुणी पाण्यातूनच मावशीबाईंना हात केला. पुलावरून एवढ्याएवढ्याशा विजेवरच्या गाड्या आवाज न करता जात होत्या.

मी आ वासून बघत राहिलो. इतकं मोठं, इतकं देखणं शहर जगात आहे, लाखो माणसं तिथं रोज उठून पोहतायत, खातायत, आणि मला त्याचं नावही माहीत नव्हतं! आणि मी त्यांना विचारत होतो, वीज असते का!

भान आलं तेव्हा चौथा वाडगा समोर होता. भारावलेल्या माणसाला पोटाचं भान नसतं. संपवला.

तेवढ्यात मेई आली. दारातून आधी वास घेतला, मग स्वयंपाकघरात गेली, आणि तिथूनच आईशी काहीतरी हळू आवाजात बोलली. आईनं तिला दटावून गप्प केलं. मला राहवलं नाही. “काय झालं?”

“काही नाही,” मेई म्हणाली. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत सांगतोय. “तुम्ही वाडगा रिकामा का करत होतात?”

“म्हणजे? अन्न वाया घालवू नये म्हणून!”

“आमच्याकडे पाहुण्यानं पूर्ण रिकामा केला, म्हणजे अजून भूक आहे. थोडं शिल्लक ठेवलं की वाढणारा थांबतो.”

मी वाडगा लांब सरकवला. “मग आजी वाढतच राहिल्या असत्या?”

“नाही,” मेई म्हणाली. “संपलंय आता.”

मी स्वयंपाकघरात डोकावलो, तर कोपऱ्यात आजींची सुटकेस उघडी पडली होती. रिकामी. आजूबाजूला फाडलेली पाकिटं. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. अहो, माझी आई इथं येते तेव्हा काय करते? कपडे कमी आणि गोडा मसाला, भाजणी, मेतकूट जास्त! सहा महिने पुरवायचं म्हणून चमचा चमचा मोजून काढते. आजींनी तशाच त्या शेवया आणि तो मसाला तिकडून आणला होता, महिन्याला एखादा वाडगा होईल एवढाच. सहा महिन्यांचं घर होतं ते! आणि मी ते एका संध्याकाळी, संस्कार पाळत पाळत, साफ केलं.

आणि या बाईनं शेवटचं पाकीट फाडताना चेहऱ्यावरची रेष हलू दिली नव्हती. आमच्या आईनं गोड्या मसाल्याची शेवटची पुडी शेजाऱ्याला दिली असती का? आईची शपथ, नसती दिली. मला इतकी लाज वाटली, आणि त्या बाईंबद्दल इतका आदर वाटला, की डोळे भरून आले. या वेळी तिखटानं नाही. ज्या गावची माणसं अशी, ते गाव मी पारखायला निघालो होतो!

मी तिथंच फोन काढला आणि कॉलेजला कळवून टाकलं, येतो. सोमवारची वाट कशाला बघायची? वैदेहीला मेसेज केला, “जायचं ठरवलंय.” तिचं लगेच उत्तर, “वाटलंच होतं. जा. वांगी फ्रीजमध्ये ठेवू का?”

मग आजींपुढे उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि ॲपमध्ये म्हणालो, “आजी, मी तुमच्या शहरात शिकवायला येतोय. सुट्टीत परत येईन तेव्हा तुमच्यासाठी बॅग भरून शेवया आणेन. हा माझा शब्द!”

आजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मला नखशिखांत न्याहाळलं, पोटापाशी जरा जास्त वेळ. मग फोनमध्ये काहीतरी बोलल्या आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.

“तू जरूर जा, बाळा. मुलांना चांगलं शिकव. शेवया मात्र माझी बहीण पोस्टानं पाठवेल. तुझ्या बॅगेतून त्या इथपर्यंत पोहोचायच्या नाहीत.”